पाऱ्याची फेरफार नोंद

भोर-वेल्ह्याकडच्या माणसाला पावसाचा आकडा विचारा, तो लगेच सांगेल. भाटघर किती टक्के भरलं, नीरा देवघरातून विसर्ग सुटला का, गुंजवणीत किती पाणी आलं, पानशेतला रात्रीत किती मिलिमीटर पडला, ही जुलै-ऑगस्टमधली चहाच्या टपरीवरची रोजची बोलणी. त्याच माणसाला विचारा, गेल्या एप्रिलमध्ये तुमच्या गावात पारा कुठवर चढला होता? तो पुण्याचा आकडा सांगेल. वर्तमानपत्रात पुण्याचाच येतो, मोबाईलवर दिसतो तोही बहुधा कुठल्या तरी गणितातून काढलेला असतो. ‘आमच्या लहानपणी एवढं ऊन नव्हतं’ असं हिर्डोशी खोऱ्यातली म्हातारी माणसं सांगतात, ते खोटं नाही. पण त्यांच्या लहानपणीचा त्यांच्या गावचा पारा कुणी लिहूनच ठेवलेला नाही.

याला कारण आहे. पाऊस मोजण्यामागे पैसा होता, सारा होता, कालवा होता. वेळवंडी नदीवर भाटघरचं पहिलं धरण इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलं, ते नीरेच्या कालव्याखालच्या दुष्काळी मुलखासाठी. त्याच्या जागी आजचं मोठं धरण आलं ते १९२०च्या दशकात. धरण म्हटलं की पर्जन्यमापक आला. तालुक्याची कचेरी म्हटली की तिथेही पर्जन्यमापक आला, कारण पीक बुडालं की सूट किती द्यायची हे सरकारला ठरवायचं होतं. तापमानाला असा धनी नव्हता. देशभरची स्थितीही हीच. हवामान विभागाने १९०१पासूनच्या रोजच्या पावसाचा जो जाळीबद्ध संच तयार केला, त्यासाठी ६,९५५ पर्जन्यमापकांच्या नोंदी वापरल्या. रोजच्या तापमानाचा तसा संच २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात होती ३९५ केंद्रं, आणि सुरुवात १९६९पासून. एवढ्या मोठ्या देशाला चारशेहूनही कमी तापमापी! मग मधल्या गावांचं तापमान येतं कुठून? जवळच्या केंद्राला जास्त वजन, लांबच्या केंद्राला कमी, अशा हिशोबाने काढून.

हा संच एक अक्षांश गुणिले एक रेखांश अशा चौकटींचा आहे. आपली चौकट आहे १८ ते १९ उत्तर अक्षांश आणि ७३ ते ७४ पूर्व रेखांश. म्हणजे लांबी-रुंदी साधारण शंभर-एकशेदहा किलोमीटर. या एका चौकटीत पुणे आहे, भोर आहे, लोणावळा आहे, तोरणा-राजगड आहेत आणि वरंधा घाट उतरून गेल्यावर लागणारं, जवळजवळ समुद्रसपाटीवरचं महाडही आहे. महाबळेश्वर चौकटीच्या दक्षिण कडेबाहेर थोडक्यात राहतं. भोर शहर सुमारे सहाशे मीटर उंचीवर, तोरण्याचा माथा १,४०० मीटरवर. हजार मीटर चढलं की हवा सर्वसाधारणपणे साडेसहा अंशांनी थंड होते, या हिशोबाने भोरच्या बाजारपेठेतल्या आणि तोरण्याच्या माथ्यावरच्या हवेत पाच अंशांचा फरक सहज निघतो. तरी चौकटीला आकडा एकच!

हे वाचून कुणालाही वाटेल की हा सगळा कागदी खेळ आहे. तसं नाही. हवामानशास्त्रज्ञ भोरचं तापमान ‘किती’ यापेक्षा ते नेहमीपेक्षा ‘किती जास्त-कमी’ यावर भर देतात. पुणे, महाड आणि महाबळेश्वर यांचे आकडे एकमेकांपासून कितीही लांब असोत, पण उष्णतेची लाट येते तेव्हा तिन्ही ठिकाणी पारा आपापल्या नेहमीच्या जागेवरून वर सरकतो. हे सरकणं मैलोन् मैल सारखं असतं. म्हणून कमी केंद्रांतूनही मोठ्या प्रदेशाचा कल काढता येतो. अट एकच: केंद्राची ‘नेहमीची जागा’ मधेच बदललेली नसावी. आणि नेमकी तीच बदलत राहते. जगभरचे वाद इथून सुरू होतात.

तापमान मोजणं दिसतं तेवढं सोपं नाही. तापमापीवर ऊन पडलं तर ती हवेचं नाही, स्वतःच्या काचेचं तापमान दाखवते. म्हणून ती सावलीत हवी, पण सावलीत वाराही खेळता हवा. भारतात सुरुवातीला गवताने शाकारलेल्या मोकळ्या छपराखाली तापमाप्या ठेवत. पुढे सगळीकडे स्टीव्हन्सनची पेटी आली: पांढऱ्या रंगाची, चारही बाजूंना झडपा, दुहेरी छप्पर, दार उत्तरेला. जमिनीपासूनची उंचीही ठरलेली, माणसाच्या छातीएवढी. उंचीचा हा आग्रह कशासाठी, याचं उत्तर पुण्यातच मिळालं होतं. १९३२च्या सुमारास एल. ए. रामदास यांनी दाखवून दिलं की निरभ्र, शांत रात्री सगळ्यांत थंड हवा जमिनीला चिकटून नसते, ती जमिनीपासून काही अंगुळं वर असते. आधी जगाने यावर विश्वास ठेवला नाही, आज तो थर ‘रामदास थर’ म्हणूनच ओळखला जातो. तापमापी वीतभर वर-खाली झाली तरी आकडा बदलतो, हे आपल्या शेजारच्या शहरात सिद्ध झालेलं सत्य आहे.

त्याच पुण्यात, शिवाजीनगरला, हवामान खात्याची दगडी इमारत आहे. १९२८ साली खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथे आलं, म्हणून लोक अजूनही त्या चौकाला सिमला ऑफिस म्हणतात. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, पण उपकरणं आणि हवामानाचं दप्तर पुण्यात राहिलं. अ‍ॅना मणी १९४८मध्ये इथल्या उपकरण विभागात रुजू झाल्या आणि सुमारे शंभर उपकरणांची प्रमाण रेखाटनं त्यांनी करून घेतली. देशात बनलेली प्रत्येक तापमापी दुसरीसारखीच बोलावी, हा त्यांचा ध्यास होता. आपल्याकडच्या जुन्या आकड्यांवर आज जो विश्वास ठेवता येतो, त्याचं मोठं श्रेय या बाईंना आहे. शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव ठळक छापायला हवं.

तरीही नोंदी बिघडतात. केंद्र एका आवारातून दुसऱ्यात जातं. गवताचं छप्पर जाऊन पेटी येते, पारा जाऊन विजेवरचा सेन्सर येतो. मोकळ्या माळावरच्या पेटीभोवती शहर उभं राहतं. निरीक्षणाची वेळ बदलते, आणि हे कारण सगळ्यांत फसवं आहे. कमाल तापमापी संध्याकाळी पाच वाजता वाचून पुन्हा सज्ज केली, आणि हवा अजून तापलेलीच असली, तर दुसरा दिवस थंड गेला तरी तापमापी कालच्या पाच वाजताचा आकडा दाखवत राहते. एक तापलेली दुपार दोन दिवसांच्या नावावर चढते. अमेरिकेत हजारो हौशी निरीक्षक आधी संध्याकाळी नोंद घेत, नंतर ते सकाळी घेऊ लागले. हवा तीच, पण कागदावर देश थंड झाल्यासारखा दिसू लागला. ती खोटी थंडी काढून टाकल्यावर ‘सरकार आकडे वाढवतंय’ असा गदारोळ उठला, तो अजून पुरता शमलेला नाही.

ही दुरुस्ती कशी करतात, हे समजून घेण्यासारखं आहे. एका केंद्राचा आकडा त्याच्या शेजाऱ्यांच्या आकड्यांशी वर्षानुवर्षं ताडून पाहतात. सगळे शेजारी जसे चालत होते तसेच चालतायत आणि एकाच केंद्राने एखाद्या वर्षी एकदम पाऊण अंशाची उडी घेतली, तर ती हवेची नव्हे, केंद्राची उडी. मग दप्तर उघडायचं: त्या वर्षी जागा बदलली होती का, उपकरण बदललं का? कारण सापडलं की आधीच्या सगळ्या नोंदी तेवढ्याने सरकवायच्या, म्हणजे जुना काळ आणि नवा काळ एकाच मापाने मोजला जाईल. आपल्या सातबाऱ्यावर जसा फेरफार होतो, तसंच हे आहे. जुनं नाव खरवडून काढत नाहीत, ते कंसात जातं, शेजारी फेरफार क्रमांक येतो, आणि गाव नमुना सहा उघडला की कशामुळे बदल झाला ते तारखेनिशी वाचता येतं. कंसातलं नाव आणि फेरफार क्रमांक दोन्ही असतील तर कुणी लबाडी म्हणणार नाही. क्रमांकच नसेल तर भांडण कोर्टात जाणारच.

न्यूझीलंडमध्ये ते खरोखर कोर्टात गेलं. वेलिंग्टनचं केंद्र १९२८च्या सुमारास समुद्रालगतच्या थॉर्नडन भागातून केलबर्नच्या टेकडीवर हलवलं गेलं, सव्वाशे मीटर उंचीवर. साहजिकच आकडे सुमारे पाऊण अंशाने उतरले. तिथल्या राष्ट्रीय संस्थेने जुन्या नोंदी तेवढ्याने खाली आणल्या. त्याबरोबर आक्षेप आला: मूळ आकड्यांत तापमानवाढ दिसत नाही, दुरुस्तीनंतरच ती दिसते, म्हणजे वाढ तुम्ही बनवली. एका न्यासाने दावा लावला. सप्टेंबर २०१२मध्ये उच्च न्यायालयाने तो फेटाळला. आपल्याकडच्या कुणालाही हा वाद क्षणात कळेल. भोरातली तापमापी उद्या रायरेश्वराच्या पठारावर नेली आणि दोन्ही ठिकाणचे आकडे एकाखाली एक जोडले, तर भोर तालुक्यात हिमयुग आलं असं कुणीही सिद्ध करून दाखवेल.

आक्षेप घेणाऱ्यांना एक गोष्ट सहसा ठाऊक नसते, किंवा ते सांगत नाहीत. जगाचा सगळा हिशोब मांडला तर या दुरुस्त्यांनी तापमानवाढ वाढलेली नाही, थोडी घटली आहे. कारण पृथ्वीचा बहुतेक भाग समुद्र. पूर्वी खलाशी कॅनव्हासच्या बादलीने पाणी वर काढून त्यात तापमापी बुडवत. वर येईपर्यंत पाणी वाऱ्याने गार होई. नंतर जहाजाच्या इंजिनात येणाऱ्या पाण्याचं तापमान घेऊ लागले, ते जास्त भरे. हा फरक काढायचा म्हणून जुने आकडे वर उचलले गेले. जुना समुद्र कागदावर उबदार झाला आणि वाढीचा चढ कमी झाला. आकडे फुगवायचेच असते तर ही दुरुस्ती कुणी केली असती? रिचर्ड म्यूलर हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ स्वतः साशंक होते. हवामानबदलाच्या दाव्यांना विरोध करणाऱ्यांना मदत देणाऱ्या कोक प्रतिष्ठानाचाही पैसा त्यांच्या प्रकल्पात होता. त्यांनी वेगळ्या पद्धतीने सगळ्या नोंदी नव्याने तपासल्या आणि २०११मध्ये जाहीर केलं की वाढ खरी आहे.

आपल्याकडचा हिशोब पुण्यातच झाला. पाषाणच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतल्या हिंगणे, रूपकुमार आणि रामनमूर्ती यांनी १९८५ साली ७३ केंद्रांच्या १९०१ ते १९८२च्या नोंदी तपासून शंभर वर्षांना ०.४ अंश वाढ दाखवली. त्याच संस्थेच्या २०२०च्या मूल्यांकनात १९०१ ते २०१८ या काळातली वाढ ०.७ अंश निघाली. आणि २०२४ हे १९०१पासूनचं देशातलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं, सरासरीपेक्षा ०.६५ अंशाने अधिक.

‘सरासरीपेक्षा’ या शब्दापाशीही गोंधळ होतो. ती सरासरी आता १९९१ ते २०२० या तीस वर्षांची धरतात, पूर्वी आधीची तीस वर्षं धरत. सरासरी नव्याने मांडली की तोच पारा पूर्वीपेक्षा कमी ‘जास्त’ दिसतो. पावसाचंही तसंच: २०२२मध्ये देशाच्या मोसमी पावसाची सरासरी ८८ सेंटिमीटरवरून ८७वर आली. हा नियमित शिरस्ता आहे, यात लपवाछपवी नाही. पण तो लोकांना आधी समजावून सांगितला जात नाही, आणि मग लोक आपापला अर्थ लावतात.

२०२४च्या मे महिन्यात याचा अनुभव सगळ्या देशाने घेतला. २९ मे रोजी दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्रावर ५२.९ अंश नोंदले गेले. राजस्थानातल्या फलोदीचा १९ मे २०१६चा ५१ अंशांचा देशाचा विक्रम मोडला, अशा बातम्या झळकल्या. दुसऱ्या दिवशी आपल्या नागपुरात रामदासपेठेच्या केंद्राने ५६ अंश दाखवले! त्याच शहराजवळच्या इतर काही केंद्रांवर तेव्हा ४४च्या आसपास आकडा होता. नागपूरच्या प्रादेशिक केंद्राने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. मुंगेशपूरला खात्याने प्रमाण उपकरण शेजारी लावून पाहिलं, तेव्हा तिथला सेन्सर सुमारे तीन अंश जास्त दाखवत असल्याचं निघालं. खात्याने केलं ते योग्यच होतं. पण आकडा आधी सगळ्या देशाच्या मोबाईलवर गेला आणि खुलासा मागाहून आला. ‘ऊन लपवतायत’ हा संशय त्या मधल्या वेळात जन्मला. माझं स्पष्ट मत आहे की आकडा देताना तो प्राथमिक आहे की तपासलेला, हे त्याच ओळीत लिहिणं खात्यावर बंधनकारक हवं. पन्नास अंशांच्या वरचा आकडा तर माणसाने पाहिल्याशिवाय बाहेर जाताच कामा नये.

सगळेच आक्षेप उडवून लावण्यासारखे नसतात, हेही सांगायला हवं. पुण्याभोवती शहर वाढलं. आजही थंडीत पाषाण आणि कोरेगाव पार्क यांच्या पहाटेच्या आकड्यांत काही अंशांचा फरक दिसतो, तो सिमेंटचा आणि डांबराचा. मग भोर-वेल्ह्याचं तापमान पुण्यावरून काढलं, तर शहराची ऊब आपल्या भाताच्या खाचरांच्या नावावर चढत नाही का? प्रश्न रास्त आहे. त्याचं अर्धं उत्तर महाबळेश्वरसारखी डोंगरातली जुनी केंद्रं देतात, कारण शहराचा प्रभाव ताडून पाहायला तीच उपयोगी पडतात. उरलेलं अर्धं उत्तर भोर-वेल्ह्यात स्वतःची, दीर्घकाळ न हलवलेली तापमापी असती तरच मिळालं असतं.

आता यंत्रं आली आहेत. २०१७पासून ‘महावेध’ प्रकल्पात राज्यभर महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली, दोन हजारांहून अधिक. भोरमध्ये निगुडघर, आंबवडे, भोलावडे, नसरापूर, किकवी, वेल्ह्यात पानशेत, विंझर, आंबवणे ही अशी मंडळं. पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा, सगळं आपोआप नोंदलं जातं. पण इथे वादाचा रोख बदलतो. या यंत्राच्या आकड्यावर आता पैसे ठरतात. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात, आणि मदतीचा पंचनामा तिथून सुरू होतो. फळपिकांच्या विम्यात पारा सलग काही दिवस ठरावीक अंशांच्या खाली किंवा वर राहिला तरच भरपाई मिळते. एका अंशाची, एका मिलिमीटरची किंमत रुपयांत आली.

आणि मंडळ म्हणजे काय? केळदला मढे घाटाच्या तोंडावर धो धो कोसळत असतं, तेव्हा विंझरकडे भुरभुर असते. निगुडघरच्या वर हिर्डोशी-शिरगावच्या बाजूला पडणारा पाऊस आणि नसरापूरला महामार्गाकाठी पडणारा पाऊस हे दोन वेगळे मुलूख आहेत. घाटाकडच्या गावांत जुलैत ६५ मिलिमीटर ही नेहमीची गोष्ट, तेवढ्याने भाताला काही होत नाही. तोच पाऊस ऑक्टोबरात कापणीच्या वेळी ३० मिलिमीटर पडला तरी लोंब्या आडव्या होऊन कोंब फुटतात. त्यात दिवस मोजण्याची वेळ सकाळी साडेआठची. रात्री दोनपासून दुपारपर्यंत सलग ऐंशी मिलिमीटर पडला, त्यातला चाळीस साडेआठच्या आधी आणि चाळीस नंतर, तर कागदावर दोन दिवस चाळीस-चाळीस लागतात आणि अतिवृष्टी कुठेच होत नाही. अमेरिकेतल्या संध्याकाळ-सकाळच्या नोंदींचा जो घोळ, तोच इथे शेतकऱ्याच्या नुकसानीच्या रूपाने उभा आहे. ‘मशीन तिकडं आणि पाऊस आमच्याकडं’ ही तक्रार राज्यभर ऐकू येते. केंद्र सरकारच्या ‘विंड्स’ योजनेत ग्रामपंचायत पातळीवर पर्जन्यमापक नेण्याचा बेत आहे. डोंगरी तालुक्यांत तो सगळ्यांत आधी व्हायला हवा, सपाटीवर नंतर.

दुसरी काळजी दप्तराची. यंत्र वीस वर्षांनी इतिहास सांगेल, पण त्याच्याबरोबर त्याची कहाणी जपली तरच. कुठे उभं केलं, शेजारी गोठ्याचा पत्रा कधी आला, झाड कधी वाढलं, सेन्सर कधी बदलला, कुंपण कुणी हलवलं. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालं. शिवाजी महाराजांच्या पहिल्या राजधानीचं नाव तालुक्याला मिळालं याचा सगळ्यांना आनंद आहे. मात्र पावसाची जुनी नोंद ‘वेल्हे’ नावाने आहे, पुढची ‘राजगड’ नावाने येईल. केंद्र तेच आहे हे कुठेतरी लिहिलेलं नसेल, तर पन्नास वर्षांनी एखादा संगणक त्याला दोन वेगळी केंद्रं समजेल आणि एका सलग नोंदीचे दोन तुकडे होतील. अशा तुटलेल्या नोंदी जगभर हजारोंनी आहेत.

म्हणून हवामान विभागाकडे आणि कृषी विभागाकडे मागणी करायची ती अशी. प्रत्येक केंद्राचा मूळ आकडा आणि दुरुस्त आकडा दोन्ही शेजारी-शेजारी खुले ठेवा, दुरुस्तीचं कारण मराठीत लिहा, आणि केंद्राची जागा, फोटो, बदललेल्या उपकरणांच्या तारखा गावकऱ्यांना पाहता येतील अशा ठेवा.

आणि भोर-राजगडच्या वाचकांना विनंती: दिवाळीच्या सुट्टीत आपल्या मंडळाचं हवामान केंद्र कुठे आहे ते जाऊन पाहा. यंत्राला हात लावू नका, कुंपणाबाहेरून पाहा. जवळ डांबर आहे का, आणि भिंत, पत्र्याचं छप्पर किंवा झाड असेल तर ते त्याच्या स्वतःच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर आहे का, हे बघा. फोटो काढा, तारीख लिहा. अडचण दिसली तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि पुढच्या ग्रामसभेच्या इतिवृत्तात तो विषय नोंदवून घ्या. हायस्कूलच्या शिक्षकांनी शाळेच्या आवारात साधा पर्जन्यमापक आणि कमाल-किमान तापमापी लावून वही सुरू करावी. रोज सकाळी साडेआठ वाजता नोंद घ्यावी. वहीच्या पहिल्या पानावर केंद्राची जागा लिहावी, आणि जागा बदलली तर त्याच पानावर तारीख टाकून खाली सही करावी.